साठ-साठ युनिटची सहा बिलं आणि सातवं साडेनऊ हजारांचं: भरून टाकू की भांडू?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई शिक्षिका आहेत, नवराही नोकरीला, घरी वयस्कर सासूबाई. स्वतःचं दुमजली घर, मीटर जिन्याखाली. गेल्या वर्षी गल्लीत गाडीचोऱ्या वाढल्या म्हणून त्यांनी जिन्याला ग्रिल बसवलं आणि दिवसा ते कुलूपबंद असतं. त्यानंतर सहा महिने वीजबिल दर वेळी बरोबर साठ युनिटचं आलं, आधी ते एकशेतीस-चाळीसच्या आसपास यायचं. बिल कमी आलं म्हणून कुणी काही बोललं नाही. सातव्या महिन्यात एकदम ६२० युनिट आणि साडेनऊ हजारांच्या वर रक्कम. मिस्टर म्हणतात भरून टाक, कोण हेलपाटे घालणार. शेजारचे काका म्हणतात एक रुपया भरू नका, कंपनीची चूक आहे. सासूबाईंना रात्री श्वासासाठी मशीन लावावं लागतं म्हणून वीज कापली जायची भीती, आणि त्यातच "आज रात्री साडेनऊला तुमची वीज बंद होईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज येऊन पडलाय. ताई विचारतात, "मीटर रीडरने मुद्दाम केलंय हे उघड आहे, पण आम्ही सहा महिने गप्प बसलो तर आता तक्रार करायचा आम्हाला हक्क तरी आहे का? आणि भरायचं की भांडायचं?"

ताई, सगळ्यात आधी तो मेसेज. तो खोटा आहे. असे मेसेज २०२२ पासून महाराष्ट्रभर फिरतायत, त्या नंबरवर फोन केला की एखादं ॲप टाकायला सांगतात आणि मग बँक खातं रिकामं होतं. कुठलीच वीज कंपनी तुम्हाला साध्या मोबाइल नंबरवरून रात्रीची वेळ देऊन वीज कापत नाही. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते. तुमच्या पत्रात अशी नोटीस आल्याचं कुठेच नाहीये, म्हणजे आज रात्री काही होणार नाही. तो नंबर ब्लॉक करा आणि सासूबाईंनाही सांगा, त्या दिवसभर घरी एकट्या असतात, असे फोन नेमके तेव्हाच येतात.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंय भरायचं की भांडायचं, आणि मला वाटतं घरात दोन आठवडे वाद चाललाय तो याच्यामुळेच, की तुमच्यासमोर दोनच दारं आहेत असं सगळ्यांनी धरून चाललंय. मिस्टरांचं म्हणणं सगळं भरा, काकांचं म्हणणं काहीच भरू नका. पण त्या साडेनऊ हजारांत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात, एक भाग तुम्ही खरंच वापरलेल्या विजेचा आहे आणि एक भाग चुकीच्या हिशोबाचा. पहिला भाग तुमचं देणं आहे, आज ना उद्या द्यायचंच. दुसरा तुम्ही एक पैसाही देणं लागत नाही. ते दोन वेगळे काढायचे, हेच काम आहे, आणि ते घरी बसून कागद-पेन घेऊन होतं.

तुम्ही बिलांचे फोटो पाठवलेत ते मी मोठे करून बघितले. एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीये. बिलावर मीटरची स्थिती लिहिलेली असते, रीडरला आत जाता आलं नाही तर तिथे तसा शेरा पडतो, लॉक्ड, फॉल्टी, रीडिंग न घेतलेलं असं काहीतरी, आणि मग सिस्टीम सरासरीने बिल काढते. तुमच्या सहाही बिलांवर स्थिती "नॉर्मल" आहे. म्हणजे कागदावर असं दिसतंय की रीडर दर महिन्याला आला, मीटर बघितलं आणि खरं रीडिंग टाकलं. आणि त्याच बिलांवर जो फोटो छापलाय त्यात मीटर कुठेच नाहीये ताई, त्यात ग्रिलचे गज आहेत आणि मागे तुमचं चपलांचं रॅक. दोन महिन्यांना तर तोच फोटो पुन्हा वापरलाय, निळी सँडल त्याच जागी तशीच तिरकी पडलेली दिसतीये. आणि प्रत्येक महिन्याला बरोबर साठ. माणसांच्या घरात सहा महिने, त्यात उन्हाळा धरून, कधीच बरोबर साठ युनिट होत नाहीत.

याने काय फरक पडतो तर सगळाच फरक पडतो. सरासरी बिल "सरासरी" म्हणून आलं असतं तर पुढे खरं रीडिंग मिळाल्यावर सिस्टीम ते युनिट मधल्या सगळ्या महिन्यांत वाटते, प्रत्येक महिन्याला स्लॅबचा, म्हणजे कमी युनिटना असलेल्या स्वस्त दराचा, फायदा देते आणि आधी भरलेले पैसे वजा करते. पण तुमच्या बाबतीत सिस्टीमला वाटतंय की मागचं रीडिंग खरंच होतं, त्यामुळे सहा महिन्यांचे राहिलेले सगळे युनिट एकाच महिन्यात वापरले असं तिने धरलं आणि तुम्हाला सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये नेऊन बसवलं.

आकड्यात बघू म्हणजे मिस्टरांनाही दाखवता येईल. उदाहरणासाठी महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर धरते, तुम्ही तुमच्या बिलाच्या मागे जे दर छापलेत ते घालून हाच हिशोब करा. त्या दरात पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्याच्या पुढे १६.६४, वहन आकार, म्हणजे वीज पोचवण्याचा आकार, वेगळा. एकाच महिन्यात ६२० युनिट धरले की वीज आकार होतो ७,४३५ रुपये ८० पैसे. आता खरा हिशोब. सहा महिन्यांचे ३६० आणि हे ६२० मिळून सात महिन्यांत ९८० युनिट, म्हणजे महिन्याला १४०, तुमचा जुना वापर होता तेवढाच. दर महिन्याला १४० युनिटचा वीज आकार ८८२ रुपये ६० पैसे, सात महिन्यांचा ६,१७८ रुपये २० पैसे. यातले ३६० युनिटचे १,६९५ रुपये ६० पैसे तुम्ही आधीच भरलेत. म्हणजे राहिले ४,४८२ रुपये ६० पैसे, आणि मागितलेत ७,४३५. जवळजवळ तीन हजारांचा फरक नुसत्या स्लॅबमुळे आलाय, त्याच्यावर सोळा टक्के वीज शुल्क धरलं की तो ३,४०० च्या वर जातो. म्हणजे साडेनऊ हजारांतलं तुमचं खरं देणं सहा हजारांच्या थोडंसं वर येतं. (इंधन समायोजन वगैरे दर महिन्याला बदलतं त्यामुळे शंभर-दोनशे इकडेतिकडे होतील.)

म्हणून काकांचं "एक रुपया भरू नका" मला पटत नाही. तुमच्या घरात ते ९८० युनिट जळलेत, पंखे, फ्रिज, सासूबाईंचं मशीन सगळं चाललंय. काका ज्या नियमाबद्दल बोलत असावेत तो खरा आहे, केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये लिहिलंय की एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं देता येत नाहीत, आणि दोन बिलिंग सायकलच्या पुढे असं चालूच राहिलं तर, नैसर्गिक आपत्तीसारखी परिस्थिती सोडून, खरं रीडिंग घेऊन बिल येईपर्यंत ग्राहक पैसे द्यायला नकार देऊ शकतो. हा नियम तुमच्या अर्जात नक्की लिहायचाय. पण बघा, तो "खरं रीडिंग येईपर्यंत" आहे, आणि तुमचं खरं रीडिंग आता आलंय. मागची सहा बिलं मोडतात ती या नियमाने, सातव्या बिलाचं भांडण स्लॅबचं आहे. हे दोन मुद्दे एकत्र मिसळले की ऑफिसातला माणूस "तुमचं रीडिंग तर बरोबर आहे" एवढंच बोलून तुम्हाला परत पाठवतो, आणि तो त्याच्या जागी चुकीचं बोलत नसतो.

मिस्टरांचं म्हणणंही तसंच. हेलपाट्यांची भीती खरी आहे, नोकरी करणाऱ्या माणसाला अर्धा दिवस रजा टाकून काउंटरला उभं राहणं सोपं नाही. पण फुगलेलं बिल भरून विषय संपत नाही. वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं ना, ते वर्षभराच्या सरासरी बिलावर ठरतं, महाराष्ट्रात आता महिन्याच्या सरासरी बिलाच्या दुप्पट. हे बिल तसंच राहिलं तर ते त्या सरासरीत जाणार आणि ठेवही वाढवून मागणार. शिवाय रीडर पुढच्या महिन्यात पुन्हा ग्रिलचा फोटो काढून साठ टाकणार, कारण त्याला कुणी विचारलेलंच नाही.

त्या रीडरबद्दल तुम्ही लिहिलंय की त्याने मुद्दाम केलं. चुकीचं तर त्याने केलंच, आत न जाता आकडा टाकणं हा खोटेपणाच आहे आणि त्याची तक्रार व्हायलाच हवी. पण तुमच्या घराशी त्याचं वैर आहे असं धरून चाललात तर अर्जात सगळं लक्ष त्याच्यावर जाईल आणि तुमचं बिल बाजूला राहील. रीडिंगचं काम बहुतेक ठिकाणी एजन्सीकडे असतं, दिवसाला भरपूर घरं करायची असतात, कुलूप दिसलं की पुन्हा यायला वेळ नसतो. २०२२ मध्ये महावितरणने चुकीच्या रीडिंगवरून कित्येक एजन्सी बडतर्फ केल्या होत्या, म्हणजे ही गोष्ट कंपन्यांनाही चांगली माहीत आहे. आणि थोडं आपल्याकडेही बघायला हवं, मीटरपर्यंत पोचता येईल अशी सोय ठेवणं ही ग्राहकाचीही जबाबदारी नियमात आहे. ग्रिल बसवलंत त्यात काही चूक नाही, पण ग्रिलनंतर रीडिंग कसं होणार हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही, तुमच्याही नाही आणि कंपनीच्याही नाही.

"सहा महिने गप्प बसलो तर हक्क आहे का", हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं, कारण या सदराला येणाऱ्या विजेच्या पत्रांत हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येतं. हक्क आहे. कमी बिल भरलं म्हणजे ते तुम्हाला मान्य होतं असं होत नाही. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तुमचं सगळं त्याच्या आत आहे. मात्र एक समज सोडा, की बिल कमी आलं म्हणजे फायदा झाला. अंदाजाचं कमी बिल म्हणजे वाण्याकडची न लिहिलेली उधारी, ती मिटत नाही, नुसती पुढे जाते. बाकीच्या वाचकांसाठीही हे सांगते, तक्रार करायची खरी वेळ बिल विचित्र कमी आलं तीच, कारण तेव्हा आकडे छोटे असतात आणि सगळं लवकर जुळतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच सगळ्या राज्याने एकदम बघितलं, आठवत असेल तुम्हाला. मार्चच्या शेवटी रीडिंग बंद झालं आणि आधीच्या हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीने बिलं आली. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद असतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर सगळं घर चोवीस तास घरात, पंखे-कूलर-लॅपटॉप सगळं चालू. जूनमध्ये रीडिंग झालं आणि तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला, लोकं रस्त्यावर उतरली. त्यात लोकांचे दोन गट पडले होते, ज्यांनी बिल घेऊन युनिटला महिन्यांनी भागून बघितलं त्यांना कळलं की बहुतेकांचा स्लॅबचा फायदा दिलेला आहे आणि चूक असेल तर ती नेमकी कुठे आहे, आणि ज्यांनी फक्त खालची रक्कम बघितली ते महिनोन्महिने नुसतेच चिडत राहिले आणि वर विलंब आकार भरत बसले. तुम्ही पहिल्या गटात जा.

आता करायचं काय. आजच संध्याकाळी ग्रिल उघडून मीटरचा व्हिडिओ काढा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे आपोआप बदलत राहतात, तारीख, वेळ, व्होल्टेज असं एकेक येतं, त्यातला ज्याच्या बाजूला केडब्ल्यूएच (kWh) येतं तो तुमचा युनिटचा आकडा. व्हिडिओत मीटरचा नंबरही आला पाहिजे, बिलावरच्या नंबरशी तो जुळतो का तेही बघा, दोन मजले दोन मीटर असतील तर अदलाबदल झालेली मी बघितलीये. मग सात बिलं, शक्य असेल तर ग्रिल बसवण्याच्या आधीची सहासात बिलंही, ऑनलाइन काढून एका कागदावर महिना, मागचं रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, फोटोत काय दिसतं असे रकाने करा. हा एक कागद तुमच्या दहा पानी कैफियतीपेक्षा जास्त काम करतो.

अर्ज एका पानाचा. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, आणि मग सरळ मुद्दा: अमुक ते अमुक महिन्यांची बिलं मीटर न बघता काढली आहेत, बिलांवरच्या फोटोत मीटर नाही, शेवटचं खरं रीडिंग अमुक तारखेचं अमुक, आजचं अमुक, तरी मधले युनिट सात महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा देऊन बिल दुरुस्त करून मिळावं आणि त्यावर लावलेला विलंब आकार रद्द व्हावा. "बिल जास्त आलं आहे, कमी करून मिळावे" असं लिहू नका, हे वाक्य ऑफिसात रोज शेकडो वेळा ऐकलं जातं आणि त्याच्यावर ठरलेलं उत्तर येतं की वापर जास्त असेल, मीटर तपासायचं तर फी भरा. तुमचा मीटर बिघडलेलाच नाहीये, मग मीटर टेस्टिंगच्या वाटेला जायचंच कशाला. (ज्यांचा मीटर खरंच पळतोय अशी शंका आहे त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीत वेगळी सोय आलीये, तक्रार केल्यापासून पाच दिवसांत कंपनीने दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने वापर ताडून बघायचा.) दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. तोंडी "बघतो मॅडम" वर परत यायचं नाही, माणूस कितीही चांगला बोलला तरी. १९१२ वर फोन करून किंवा ॲपवर तक्रार टाकली तरी चालतं, त्याचा तक्रार क्रमांक जपून ठेवा, पण बिल दुरुस्तीसाठी माझं मत विचाराल तर शिक्का असलेला कागद पाहिजेच.

त्याच अर्जात सीपीएल मागा. ग्राहकाचा खातेउतारा असतो तो, दर महिन्याचं रीडिंग, मीटरची स्थिती, आकारलेली रक्कम, वजा केलेली रक्कम, सगळं एका रांगेत. बिलावर जे दिसत नाही ते त्यात दिसतं. काही मीटरच्या मेमरीत मागच्या महिन्यांच्या नोंदी असतात, त्या एमआरआय रिपोर्टमध्ये निघतात, तोही मागून ठेवा, मिळाला तर खऱ्या महिनावार युनिटवरच बिल होईल, वाटणीचीही गरज नाही. महावितरणच्या ऑफिसात बिल दुरुस्तीच्या प्रकरणाला बी-८० म्हणतात, काउंटरवर "माझा बी-८० केलात का, कुणाच्या सहीला आहे" असं विचारलं की समोरचा फाइल शोधतो, एवढा फरक पडतो.

पैसे किती भरायचे? कलम ५६ मध्येच तुमच्यासाठी सोय आहे. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, या दोन्हीतली जी कमी ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमच्या बाबतीत ती सरासरी म्हणजे ते साठ युनिटवालं बिल, पाचसहाशे रुपये. कायद्याने तेवढं पुरेल. पण मी तुम्हाला सांगेन की तुमच्या हिशोबाने निघालेले सहा हजारांच्या वरचे पैसे भरा, "हरकतीसह, वाद प्रलंबित ठेवून" असं पत्र जोडून. एक तर ते देणं खरं आहे आणि नंतर त्याच्यावर सव्वा टक्का विलंब आकार आणि व्याज चढेल ते तुमच्याच अंगावर. दुसरं म्हणजे पुढे मंचासमोर जायची वेळ आलीच तर आम्ही आमचा हिशोब करून आमचं देणं वेळेत दिलंय हे दाखवता येतं. आणि घरात श्वासाचं मशीन असताना मला तुम्हाला पाचशे रुपयांच्या कडेवर उभं करायचं नाहीये. एकदम सहा हजार जड जात असतील तर हप्ते मागा, लेखी मागा. ऑनलाइन भरताना अर्धी रक्कम घेत नसेल तर आधी ऑफिसातून तेवढ्या रकमेची परवानगी घेऊन केंद्रावर भरा. अर्जात सासूबाईंच्या मशीनचा उल्लेख करा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स लावा, त्याने बिल कमी होत नाही पण समोरच्या माणसाला घाई कळते.

उपविभागात, म्हणजे वीज कंपनीच्या ज्या स्थानिक ऑफिसात हा अर्ज द्यायचा तिथे, काही झालं नाही तर वर सर्कल ऑफिसात तक्रार, आणि तिथून ग्राहक तक्रार निवारण मंच. मंच नावाला घाबरू नका, वकील लागत नाही, स्वतः बोलायचं असतं, आणि शिक्षिका आहात, तुमच्याइतकं नीट कोण मांडणार. वीज तोडायची टांगती तलवार असेल तर मंचाकडून अंतरिम आदेशही मागता येतो. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जाता येतं, महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालयं आहेत. पण तुमच्यासारखं प्रकरण, जिथे बिलावरचाच फोटो तुमच्या बाजूने बोलतोय, ते माझ्या मते उपविभागातच सुटायला हवं. गोव्यातल्या वाचकांसाठी, तिथे वीज खातंच पुरवठा करतं आणि वीज नियामक आयोग वेगळा आहे, पण २०२० चे नियम आणि कलम ५६ केंद्राचे आहेत, ते तिथेही लागू.

भाड्याने राहणाऱ्या दोघातिघांनीही अशीच पत्रं पाठवलीयेत, की बिल मालकाच्या नावावर मग आम्ही कोण विचारणारे. ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे तो कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच असतो, भाडेकरार आणि तुम्ही भरलेल्या बिलांच्या पावत्या जोडा, आणि जमलं तर मालकाचं एक ओळीचं संमतीपत्र, म्हणजे काउंटरवरचा वाद वाचतो. आणि ज्यांना चारपाच वर्षांपूर्वीची थकबाकी आता अचानक दाखवलीये त्यांनी कलम ५६ चं दुसरं पोटकलम बघावं, दोन वर्षांपूर्वीची रक्कम, ती सतत थकबाकी म्हणून बिलावर दाखवली नसेल तर, वसूल करता येत नाही. मात्र अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय की कंपनीची चूक नंतर लक्षात आली तर ती पुरवणी बिल देऊ शकते, फक्त त्यासाठी वीज तोडू शकत नाही. म्हणजे तिथेही "काहीच भरू नका" हे सरसकट उत्तर नाही. शेतीपंपांचा विषय फार वेगळा आणि मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

पुढच्या महिन्यापासूनचं आत्ताच ठरवून टाका. ग्राहक हक्क नियमांत हेही आहे की लागोपाठ दोनदा रीडरला मीटर बघता आला नाही तर ग्राहक स्वतः मीटरचा फोटो, रीडिंग आणि तारखेसह, नोंदवलेल्या मोबाइलवरून किंवा ईमेलने पाठवू शकतो, मग अंदाजाचं बिल काढायची गरजच राहत नाही. महावितरणसारख्या कंपन्यांच्या ॲपमध्ये स्वतः रीडिंग टाकायची सोय आहे, रीडिंगच्या तारखेच्या आसपास मेसेज येतो आणि त्या ठरावीक दिवसांतच ते स्वीकारलं जातं, म्हणून तुमचा मोबाइल नंबर ग्राहक क्रमांकाला जोडलेला आहे ना ते आधी तपासा, बऱ्याच घरांत तो अजून सासऱ्यांच्या जुन्या बंद पडलेल्या नंबरला जोडलेला असतो. बाहेरून मीटर दिसेल अशी ग्रिलला छोटी खिडकी करून घेतलीत तर सगळ्यात उत्तम, वेल्डिंगवाला तासाभरात करून देतो. आणि तुमच्या भागात स्मार्ट मीटर बसवायला लोक येतायत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते आले तर जुना मीटर काढायच्या आधी त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये घ्या आणि मीटर बदलल्याच्या कागदावर तोच आकडा लिहिलाय ना ते बघूनच सही करा. तुमचं हे बिल अजून दुरुस्त झालेलं नाहीये, त्यामुळे जुना मीटर हाच तुमचा पुरावा आहे, अर्जाची शिक्का मारलेली प्रत त्या माणसांना दाखवा आणि शक्य असेल तर दुरुस्ती होईपर्यंत मीटर बदलू नका असं लेखी कळवा.

मिस्टरांना सांगा, रजा एकाच अर्ध्या दिवसाची लागेल, तीही सोमवारी टाकू नका, सोमवारी काउंटरला सगळ्यात जास्त गर्दी असते.